भिंतीवरचं मीठ

मिठागराच्या मधल्या खणाच्या ऐन मध्यावर बांबूची काठी रोवलेली होती. आदल्या संध्याकाळी तेजस्विनीनं पाण्याच्या रेषेला लागून तिच्यावर लाल दोरा बांधला होता. सकाळी, ऊन माडांच्या शेंड्यांवरून खाली उतरायच्या आधी, ती पाण्यातून चालत काठीजवळ गेली आणि वाकली. दोरा पाण्याच्या वर होता. मधल्या जागेत तिनं बोट आडवं धरलं. एक बोट, आणि वर अर्धं.

दिवसा पाणी उतरतं. ते उतरावंच लागतं, नाहीतर मीठ कुठून येणार? माघातलं ऊन आणि दुपारचा वारा मिळून दोन दिवसांत बोटभर पाणी वर नेतात. पण रात्री ऊन नसतं, आणि पहाटे दव पडतं. रात्रीत कमी झालेलं पाणी वर जात नाही. ते खाली जातं.

तिनं नव्या रेषेवर नवा दोरा बांधला. जुने सोडले नाहीत. चार दिवसांचे चार दोरे काठीवर एकाखाली एक झाले होते.

"किती गो?" बांधावरून सिंधूनं विचारलं. तेजस्विनीची ही सासू उजाडल्यापासून तिथं बसली होती, लुगड्याचा काष्टा वर खोचून, पाय पाण्यात सोडून.

"दीड बोट."

"तुझा काय माझा?"

"माझा."

"मगे माझा एकच," सिंधू म्हणाली. तिची बोटं खरंच तेवढी जाड होती. मग तिनं पाय पाण्यातून काढले, पोटऱ्यांवरून हात फिरवून पाणी निपटलं.

शापोरा नदीच्या काठावर त्यांचं मिठागर होतं. घरात सगळे त्याला नुसतं आगर म्हणत. तीन खण, भोवती मातीचे बांध, आणि नदीच्या बाजूला फळ्यांची झडप. तिला मानस म्हणायचे. भरतीला फळ्या काढून खारं पाणी आत घ्यायचं, हवं तेवढं आलं की फळ्या घालायच्या, पुढचं ऊन करतं. त्याआधी मात्र मार्गशीर्षात खण कोरडे करून तळ तुडवावा लागतो. टाचेला टाच लावून, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, परत फिरून, असे पंधरा-वीस दिवस. सिंधू लग्न होऊन आली त्याला एकेचाळीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तिनं एकही मार्गशीर्ष चुकवला नव्हता. नवरा हरी गेला त्या वर्षीसुद्धा बारावं झालं आणि तेराव्या दिवशी ती खणात उतरली. या वर्षी मात्र डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी दीड महिना वाकायचं नाही, पाण्यात जायचं नाही, असं बजावलं होतं.

सुदेश, तिचा मुलगा, डिचोलीकडे खाणीच्या ट्रकवर होता. आता त्यानं रजा घेतली होती. तो आणि गोपाळ सकाळची पेज पिऊन वरच्या खणात उतरले. गोपाळ सावंतवाडीकडचा. दर वर्षी दिवाळी झाली की तो येई आणि पावसाच्या आधी परत जाई. त्याच्या पायांची नखं मिठानं पिवळी पडली होती. एरवी या दिवसांत मिठाची पहिली साय धरते आणि तुडवणी केव्हाच संपलेली असते. यंदा त्यांनी वरच्या खणातलं पाणी सोडून देऊन तळ पुन्हा तुडवायला घेतला होता.

टाच दाबली की काळ्या मातीऐवजी खालून पांढरा चुरा वर येत होता. शिंपल्यांचा चुरा. गोपाळनं पाय उचलून टाच बघितली. बारीक चीर होती, तिच्यात मीठ गेलं होतं. त्यानं थुंकी लावली आणि पाय पुन्हा खाली टेकला.

"काकी," तो म्हणाला, "आपण चाळणीत पाणी भरतंव."

"तू तुडव. तोंडान नको, पायान."

"पायानच तुडवतंय मां. तोंड मोकळाच आसा, म्हणून बोलतंय."

सुदेश हसला, पण लगेच थांबला. तेजस्विनी बांधावर काचेची नळी घेऊन बसली होती. पाणी किती दाट झालं ते त्या नळीनं कळे. ती नळी पहिल्यांदा घरात आली तेव्हा सिंधूनं गोपाळला सांगितलं होतं, सून मिठाक ताप इलो काय तां बघता. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते, तेजस्विनीही. आता नळी पाण्यात सोडली की ती बुडून तळाला टेकत होती. नदीचं पाणी आणि खणातलं पाणी यांत फरकच पडत नव्हता. दाट व्हायच्या आधीच ते निघून जात होतं.

तेजस्विनी लाटंबार्सेची. तिकडे भात आणि काजू, मीठ नाही. तिनं रसायनशास्त्र घेऊन पदवी केली होती, आणि लग्नानंतर दोन वर्षांनी पणजीला जाऊन तीन आठवड्यांचं एक प्रशिक्षण घेतलं होतं. गावातलं ज्ञान, गावातला उद्योग आणि त्यावर उभी राहणारी टिकाऊ गावरचना, असा विषय होता. तिथं तिनं आगराचा आराखडा काढला. कापडी पिशवीतलं मीठ, बघायला येणाऱ्यांसाठी बांधावरून पायवाट, बसायला मातीच्या भिंतींची आणि माडाच्या झापांची शेड. सिमेंट नाही, बाहेरचं काही नाही. तिचा आराखडा भिंतीवर लावून इतरांना दाखवला गेला होता. मीठ विकलंही जाऊ लागलं. मग मांद्र्याच्या एका हॉटेलातून एक पिशवी परत आली. मीठ काळपट आहे, एवढंच त्यांनी कळवलं होतं.

कार्तिकात सिंधू म्हापशाला दवाखान्यात होती. तेव्हा रस्त्याच्या कामावर विशालचा जेसीबी आला होता. विशाल सुदेशचा दोस्त. तेजस्विनीच्या माहेरी तळ्यातला गाळ असाच एका दिवसात काढला होता, आणि पुढल्या वर्षी तळ्याचं पाणी आरशासारखं झालं होतं. खणाच्या तळाला चार बोटं काळी, कुजकट वासाची माती होती. मिठाला काळेपण तिच्यातूनच येतं, हे तिनं पांढऱ्या बशीत वरवरचं आणि तळाजवळचं मीठ विरघळवून बघितलं होतं. ते बघणं बरोबरच होतं.

"आयेक विचारूया?" सुदेश म्हणाला होता.

"डॉक्टर म्हणालेत त्यांना त्रास नको. आल्या की पांढरं मीठच दाखवू."

जेसीबीनं दुपारपर्यंत मधला आणि वरचा खण साफ केला. निघालेली काळी माती वाया गेली नाही. तिच्यात चुना, शेण आणि पेंढा मळून त्यांनी शेडच्या भिंती उभ्या केल्या.

सिंधू परत आली ती डोळ्यावर काळा चष्मा लावून. बांधावर उभी राहून तिनं बराच वेळ खणाकडे पाहिलं. मग चष्मा काढून पाहिलं. सुदेश घाईघाईनं म्हणाला, "आये, मी बोलयलय विशालाक." ती वळून घरात गेली. ती काळी माती गाळ नव्हता. हरीच्या आज्यापासून घरातल्या माणसांच्या टाचांनी दाबून दाबून केलेला तो तळ होता, आणि त्याच्याखाली नुसती वाळू नि शिंपले होते. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पौषात पाणी घेतलं तेव्हा पाण्यानं सांगितलं.

*

मनीषा आली तेव्हा ऊन चढलं होतं. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, गौरेशचं, आगर बांधापलीकडे. ती बांधावरून चालत आली आणि सिंधूच्या शेजारी उकिडवी बसली. आवाज तिनं चढवला नाही.

"सिंधूकाकी, तुमच्या आगरान आमचा पाणी पिल्यान."

सिंधूनं बांधाकडे बघितलं.

"महिनाभर उन्हात राखलेला पाणी. बोट घातला तर चिकट लागी इतक्या दाट झालेला. आता बांधाच्या बुडातसून तुमच्याकडे येता. हात लावून बघा." तिनं स्वतःच बांधाच्या मुळाशी हात दाबला. तळहात ओला झाला. तो तिनं सिंधूसमोर धरला. "माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून ह्यो बांध असो कधी वलो जावक नाय."

"तुडवतंव आमी," सुदेश खणातून म्हणाला.

"तुडवा. पण तुमचो खण रिकामो, आमचो भरलेलो. पाणी खय जातला?" मग ती तेजस्विनीकडे वळली. "तुमच्या त्या पणजीच्या नकाशात आमचो खण होतो काय गो?"

तेजस्विनीनं नळी पुसली. आधीच कोरडी होती, तरी पुसली. नकाशात पलीकडचा खण होता. नुसत्या चौकटीचा, आत काही न लिहिलेला.

गोपाळ खणातून वर आला आणि बांधावर बसून विडी पेटवली. कुणीतरी बोलायचंच होतं, ते तोच बोलला.

"काकी, मंगळवारी पुनव. मोठी भरती. फळयो काढून नदी आत येवंदेत, येवंदेत नि जावंदेत. गाळ येतलो. आधी बांधाच्या बुडाक बसतलो, ह्यांचा पाणी थांबतला. तीन-चार पावसाळे गेले की तळपण धरतलो."

"आणि तवसर मीठ?" सुदेशनं विचारलं.

"तवसर मीठ खयचा?"

"तवसर तिवरां उगवतली," सिंधू म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं लांब वाक्य होतं. "आणि तिवर एकदा उगवला की सरकार तोडूक देना नाय. वरच्या वाड्यातल्या आगराचा काय झाला तां बघलास मां? आता थंय बगळे रवतत."

ते आगर सगळ्यांनी बघितलं होतं.

मनीषा उठली. "तुमी ठरवा. पण लवकर ठरवा."

"पुनवेक सांगतंय," सिंधू म्हणाली.

*

शेडच्या भिंतीवर काहीतरी पांढरं आलंय हे तेजस्विनीला दुसऱ्या दिवशी दिसलं. आधी तिला बुरशी वाटली. जवळून बघितलं तर बारीक केसांसारखं होतं, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, चौकटीखाली दाट आणि वर विरळ. ते कसं होतं हे तिला माहीत होतं. जमिनीतली ओल मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, पृष्ठभागावर वाळते, आणि आपल्याबरोबर आणलेलं तिथं सोडून जाते. परीक्षेत तिनं हे आकृतीसकट लिहिलं होतं.

सिंधू मागून आली. तिनं नखानं ते पांढरं खरवडलं आणि जिभेवर ठेवलं.

"आपलाच," ती म्हणाली.

मग ती भिंतीला हात लावून थोडी उभी राहिली. घरातल्या म्हशीच्या पाठीवर ठेवायची तसा हात.

दुपारी सुदेशनं पिकास आणली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. पहिला घाव त्यानं जनेलाखालीच घातला. भिंत सोपी पडली. ढेकळं टोपल्यांत भरून तेजस्विनी आणि गोपाळनं ती मधल्या खणात नेली, पसरली, भिजवली. चार वाजेपर्यंत तिच्या खांद्याची कातडी सोलली. मग तिनं टोपली डोक्यावर घेतली, आणि चुंबळीतून खारं पाणी कानामागून ओघळू लागलं. ती थांबली नाही. सुदेश दोनदा म्हणाला, "तू बस," आणि दोनदाही तिनं ऐकलं नाही.

माती भिजली तसा पेंढा सुटून वर तरंगला. खणभर पिवळ्या काड्या झाल्या. तिघं तुडवायला उतरले. चुन्यानं ती माती बदलली होती. पायाखाली ती दबायच्या ऐवजी भुगा होऊन बाजूला सरकत होती. गोपाळनं पाय वर उचलून दाखवला. तो स्वच्छ होता.

"पायाक लागना नाय, काकी. तळाक काय लागतली?"

सिंधू बांधावरून खाली उतरली. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस केव्हाच सरले होते, पण या वर्षी ती खणात अजून उतरली नव्हती. तिनं टाच टेकली, तिला लावून दुसरी टेकली. दहा पावलं चालली. मागं वळून बघितलं. पावलांचे ठसे राहिले नव्हते. ती परत वर आली आणि घरी जाऊन भात लावला.

*

रविवारी पणजीहून बस आली. अठरा विद्यार्थी आणि एक सर. ही भेट डिसेंबरातच ठरली होती. येऊ नका म्हणून कळवायला तेजस्विनीनं तीनदा फोन हातात घेतला होता. सकाळी ती टोपली घेऊन बांधापलीकडे गेली.

"एक टोपली मीठ होया," ती म्हणाली. "दाखवूक."

मनीषानं तिच्याकडे पाहिलं. मग गेल्या वर्षीच्या राशीवरचं झाप बाजूला करून टोपली शिगोशीग भरली, हातानं वरचा उंचवटा नीट केला.

"टोपली धुवून आण," ती म्हणाली. "मीठ परत नको."

ते मीठ त्यांनी तिसऱ्या खणाच्या काठाला पसरलं. हा खण जेसीबीच्या हाती लागला नव्हता, पण मधल्या खणाला लागून होता. तोही गळू लागला होता. सिंधूनं लांब दांड्याची लाकडी फळी हातात घेऊन मीठ ओढून दाखवायचं, असं ठरलं होतं. मुलं बांधावर ओळीनं उभी राहिली. फोन वर झाले. सिंधूनं फळी टाकली आणि एकदा ओढली. सुकं मीठ सुक्या मातीवर खरखरलं. तो आवाज तिला सहन झाला नसावा. तिनं फळी उभी धरली.

पुढं उभी असलेली पूनम नावाची मुलगी वही उघडून म्हणाली, "आजी, हे मीठ व्हायला किती दिवस लागले?"

"तां माका कसा म्हायत?" सिंधू म्हणाली. "ह्या मनीषाचा मीठ. आमचा आगर फुटला."

फोन हळूहळू खाली आले. सर म्हणाले, "म्हणजे, अवेळी पाऊस वगैरे?"

"विशालाचो जेसीबी मी बोलयलेलो," सुदेश मागून म्हणाला. हे तो कार्तिकापासून सगळ्यांना सांगत आला होता.

"नाही," तेजस्विनी म्हणाली. तिचा आवाज वर्गात उत्तर द्यावं तसा सपाट होता. "मी सांगितलं होतं. तळाला काळं होतं ते मला मळ वाटलं. तो मळ नव्हता, तळच तो होता. काढून आम्ही शेड बांधली. ही अर्धी पडलेली दिसते ती. त्या मातीला मीठ धरून ठेवता येत होतं, हे त्या भिंतीवर तुम्हाला दिसेल." ती थांबली. "घरात विचारायला माणूस होतं. मी विचारलं नाही."

कुणीतरी लिहून घेतलं. सरांनी सगळ्यांना भिंतीकडे नेलं. मुलं तिथं बोट लावून चाखत होती, एक जण थुंकत होता. सिंधू जागेवरच उभी होती. फळीच्या दांड्यावर तिचे दोन्ही हात एकावर एक होते. सुनेकडे तिनं बघितलं नाही, पण बस गेल्यावर म्हणाली, "टोपली हयसर दी. मी धुतंय."

*

मंगळवारी भरती दुपारी होती. अकरापासून नदी फुगायला लागली. मानसच्या बाहेर पाणी फळ्यांना ढुशा देत होतं, आणि फळ्यांच्या फटींतून बारीक धारा आत उडत होत्या. सुदेश मानसवर उभा राहिला. गोपाळ खाली, दोरी धरून. पलीकडच्या बांधावर मनीषा होती, डोक्यावर पदर घेऊन. आज ती जवळ आली नाही.

सिंधू घरातून उशिरा आली. तिच्या हातात हरीची तळ ठोकायची फळी होती, शिसवीची, मधोमध झिजून खोलगट झालेली. ती खणात उतरली. मधल्या खणात आता पाणी नव्हतं, नुसती ओल होती, आणि काड्या. ती काठीपाशी गेली. काठीवरचे दोरे तिनं अंगठ्यानं एकेक चाचपले. पाच-सहा दिवसांत नवे बांधले नव्हते. बांधायला पाणीच राहिलं नव्हतं.

"तेजस्विनी," तिनं हाक मारली.

तेजस्विनी खाली आली.

"काढ ही. नायतर व्हावन जातली."

दोघींनी मिळून काठी हलवली. ती सहज निघाली. तिच्या टोकाला पांढरी वाळू चिकटली होती, आणि एक अख्खा शिंपला. सिंधूनं तो काढून लुगड्याला पुसला आणि टाकायच्या ऐवजी मुठीत धरला.

दोघी बांधावर चढल्या. चढताना सिंधूनं सुनेचा हात धरला. सोललेल्या खांद्याला धक्का लागू नये म्हणून दंडाच्या खालच्या बाजूनं धरला.

"आये," सुदेश मानसवरून म्हणाला, "भरती पुरी इली. आता उतरूक लागतली. तू कायतरी सांग."

सिंधूनं हरीची फळी बांधावर उभी टेकवली. तीन खणांवरून एकदा नजर फिरवली, अलीकडून पलीकडे, जशी तुडवणी सुरू करायच्या सकाळी फिरवायची तशी. वारा नदीवरून येत होता. मनीषाच्या खणात पाण्यावर बारीक सुरकुत्या उठत होत्या.

"काढ फळयो, सुदेश," ती म्हणाली. "आणि परत घालू नको."